विहिणीकडचं घड्याळ

माझा नवरा म्हणतो, मला दोनच गोष्टी जवळून बघायला आवडतात, लोकांचे किडलेले दात आणि लोकांच्या आजोबांची घड्याळं. पहिल्यावर आमचं घर चालतं, दुसऱ्यावर आमची भांडणं.

मी दातांची डॉक्टर. नाहूर स्टेशनपासून जवळ माझा दवाखाना आहे, एका बाजूला इस्त्रीवाला, दुसऱ्या बाजूला ढोकळेवाला. दवाखान्यात भिंतीवर घड्याळ नाही, कारण खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला किती वेळ गेला ते कळू नये असं माझं मत आहे. पण माझ्या मनगटावर असतं. पातळ, सोन्याचं, चामड्याच्या पट्ट्याचं, पुरुषी. बायकांची ती शेंगदाण्याएवढी घड्याळं मला कधीच आवडली नाहीत.

ज्याला ड्रेस वॉच म्हणतात, ते हे. सूट घालून जेवायला जाणाऱ्या माणसासाठी केलेलं घड्याळ. शर्टाच्या कफखाली सरकलं की दिसूच नये इतकं पातळ. दोन काटे. तारीख नाही, वार नाही, बहुतेकदा सेकंदकाटाही नाही. पाणी लागलेलं चालत नाही, अंधारात दिसत नाही, सेल नसतो, रोज सकाळी चावी द्यावी लागते. म्हणजे आजचं साधं प्लास्टिकचं घड्याळ जे जे करतं त्यातलं काहीही हे करत नाही, आणि तरी तोरा केवढा! मला तो तोरा फार आवडतो. माणसात आवडत नाही, घड्याळात आवडतो.

मुलुंड, नाहूर, घाटकोपर या पट्ट्यात जुन्या नोकरदारांच्या कपाटांत अशी घड्याळं पडून असतात. कुणाला निवृत्त होताना कंपनीने दिलेलं, कुणाला सासऱ्यांनी लग्नात घातलेलं. रूट कॅनाल झाल्यावर पेशंट गाल चोळत म्हणतो, "डॉक्टर, तुमच्या हातातल्यासारखं आमच्याकडेही आहे एक. बंद पडलंय." की माझा चेहरा असा काही उजळतो, की माझी असिस्टंट सरळ पुढच्या पेशंटला फोन करून अर्धा तास उशिरा यायला सांगते.

या छंदाचे माझे नियम कडक आहेत. डबीला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला, पॉलिश करायचं नाही, कडा झिजतात. बंद असलेल्या जुन्या घड्याळाला आपण हौसेने चावी द्यायची नाही, कारण आतलं तेल सुकलेलं असतं आणि चाकं एकमेकांना खातात. आणि रंगवलेली डायल घरात आणायची नाही. आपल्या मुंबईत जुन्या डायली खरवडून नव्याने रंगवून देणारे बरेच आहेत. तसलं काही समोर आलं की मला दात पांढरेफटक करून आलेले नवरदेव आठवतात. हसू येतं आणि रागही येतो.

पण माझा खरा राग सोनारांवर. जुनं सोन्याचं घड्याळ सोनाराकडे गेलं की तो त्याला घड्याळ समजतच नाही. पट्टा काढतो, मागचं झाकण उघडतो, आतलं मशीन डायलसकट काढून कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत देतो आणि डबी वितळवायला मुशीत टाकतो. अशी बेघर झालेली मशीनं लोकांनी माझ्याकडे आणून दिली आहेत. त्यांचा एक वेगळा डबा आहे. तो उघडला की दिवसभर माझी चिडचिड होते, म्हणून नवऱ्याने तो माळ्यावर टाकलाय.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते माझ्यासारखीच्या बाबतीत व्हायला नको होतं.

आमच्या मुलीने लग्न ठरवलं. मुलगा वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. अंधेरीच्या एका ऑफिसात दोघं शेजारी बसत. वडिलांची बोट, आई अंधेरीच्या बाजारात मासे विकते. मुलीने हे सगळं एका दमात सांगितलं आणि मग आमच्याकडे अशी बघायला लागली, जणू आता आम्ही काहीतरी नाटक करणार. नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं, "पापलेट घरचं येईल ना गं?" मुलगी म्हणाली, "बाबा, यार, सीरियस व्हा ना." तो अत्यंत सीरियस होता.

बोलणी करायला आम्ही एका रविवारी सकाळी निघालो. नवऱ्याने मुद्दाम आरेतून गाडी घातली, कारण झाडं बघितली की मी कमी बोलते असा त्याचा अनुभव आहे. कोळीवाड्यात शिरलो तर गल्लीत बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत होते आणि विहीणबाई दारात उभ्या होत्या. घट्ट नेसलेलं लुगडं, गळ्यात तीन पदरी सोनं, कानांत सोनं, आणि आवाज असा, की मला वाटलं मागे कुणाला तरी हाक मारतायत. त्या आमच्याशीच बोलत होत्या.

"या गो डाक्टरीणबाय! आमी कवाधरना वाट बघतंव!"

जेवण कसलं होतं ते सांगत बसले तर हे लिखाण तिथेच संपेल. भरलेलं पापलेट, कोलंबीचं भुजणं, तांदळाच्या भाकऱ्या. नवरा तर देवदर्शनाला आल्यासारखा गप्प होता. व्याही कमी बोलणारे, पण ताटातलं संपायच्या आत वाढायचे. जेवण झालं, हात धुतले, आणि विहीणबाईंनी कपाटातून स्टीलचा डबा काढून चटईवर उघडला. आमच्या मुलीला काय काय घालणार ते दाखवायला.

पाटल्या, हार, नथ. प्रत्येक दागिना हातात घेऊन तो कुणाचा, कधीचा ते सांगत होत्या. तळाशी एक रुमालाची गाठ होती. ती सोडली आणि मी चटईवर पुढे सरकले.

सोन्याचं ड्रेस वॉच होतं. नाव नाही सांगत, सांगितलं तर माझ्यासारखे दहा जण वेसाव्याला जाऊन उभे राहतील. पट्टा कधीच गेला होता. पण डबीच्या कडा जशा कारखान्यातून आल्या तशा. डायल सायीसारख्या रंगाची, जराशी पिवळी पडलेली, कुणाचा ब्रश न लागलेली. तास दाखवायला आकडे नाहीत, बारीक सोनेरी रेघा. हे घड्याळ मी फोटोत पाहिलं होतं. प्रत्यक्ष बघायला मिळेल अशी आशाही मी सोडून दिली होती, आणि ते इथे, कोलंबीच्या वासात, माझ्या गुडघ्याशी.

मी हात पुढे केला. विहीणबाईंनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. कानाला लावलं, बंद होतं.

"सासऱ्यांचा आमच्या," त्या म्हणाल्या. "याची वाटी करनार. पोरीच्या मंगलसूत्राची सासरची वाटी. आन् उरंल त्याचे मणी."

मग त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, रुमालात बांधलं आणि डब्याचं झाकण लावलं. टक्कन.

आता माझी पंचाईत बघा. मंगळसूत्राला दोन वाट्या असतात, एक माहेरची, एक सासरची. सासरची वाटी सासरच्यांनी कशाची करायची हे सांगणारी मी कोण? घड्याळ वितळवू नका म्हणावं, तर नवरीच्या आईलाच मुलीच्या गळ्यात सोनं पडलेलं बघवत नाही असा अर्थ व्हायचा. मला विका म्हणावं, तर झालंच. पहिल्याच भेटीत व्याह्यांच्या घरातली वस्तू मागणारी विहीण! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

परतताना गाडीत मी आरेच्या झाडांकडे बघूनही गप्प बसले नाही. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यांचं सोनं आहे, त्यांची सून आहे. तू तोंड उघडलंस तर वाट लागेल." मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आई, माझ्या सासूला घड्याळावरून एक शब्द जरी बोललीस ना, तर मी पळून जाऊन लग्न करेन." मी म्हटलं, "पळून गेलीस तर निदान ते घड्याळ तरी वितळवणार नाहीत." ती हसली नाही.

गप्प राहायचं मी ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. पण दवाखान्यात लोकांची दाढ कोरताना मला ती डायल दिसायची. शेवटी एका दुपारी दवाखाना बंद ठेवला आणि एकटीच अंधेरीच्या बाजारात जाऊन थडकले. माझं म्हणणं मी चांगलं घोकून ठेवलं होतं. त्या घड्याळाइतकंच सोनं मी देते, थोडं जास्तच देते, त्याची वाटी करा. घड्याळ घड्याळ राहील. सोनं ते सोनं. कुणाचं काही बिघडणार नाही.

विहीणबाई ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून एवढ्या खूश झाल्या, की आजूबाजूच्या चार जणींना "माझी विहीन, डाक्टरीन हाय" असं ओरडून सांगितलं. मला बसायला उलटी टोपली दिली. कुणीतरी चहा आणला. आणि चहाचा कप हातात धरून मी माझा प्रस्ताव मांडला.

त्यांचा कोयता थांबला. एवढा वेळ गडबड करणाऱ्या त्या बाजूच्या चौघीही गप्प झाल्या, त्यामुळे मला फारच मोठ्याने बोलल्यासारखं वाटलं.

"तुमचा सोना तुमचा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "तो आमच्या घरचा कसा व्हयाचा? वाटी आमच्या घरची पायजे. दुसऱ्याच्या सोन्याची सासरची वाटी? आमी काय उसनी सासू हाव?"

चहा निवत चालला होता. मी म्हटलं, "तसं नव्हतं म्हणायचं." हे वाक्य माणूस तेव्हाच बोलतो जेव्हा त्याला नेमकं तसंच म्हणायचं असतं.

त्यांनी कोयता बाजूला ठेवला, हात धुतले, पदराला पुसले. मग मला सासऱ्यांची गोष्ट सांगितली. एका मोसमात त्यांच्या जाळ्यात घोळ माशांचा मोठा थवा लागला. घोळीच्या पोटातल्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, फार मान, तो परदेशी जातो. सगळ्यांनी सांगितलं, बोट नवी कर. त्यांनी बोट केलीच, पण उरलेल्यातून फोर्टात जाऊन हे घड्याळ आणलं. त्यांना घड्याळ वाचता येत नव्हतं. समुद्रावर भरती-ओहोटीवरून सगळं कळायचं, बारा रेघा कशाला हव्यात? लाल टोपी, कमरेला रुमाल आणि हातात हे, असे लग्नाला जायचे. कुणी मुद्दाम वेळ विचारली की मनगट पुढे करायचे आणि म्हणायचे, तूच बघ, मला सांगू नकोस.

"मरायच्या आदी बोलले," विहीणबाई म्हणाल्या, "नातवाची बायको येल, तिच्या गल्यात घाला. हातातला सोना गल्यात जाल, मंग मना बरा वाटंल." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तुमी या सोनाराकडं. तुमच्या डोल्यादेखत करू. मंग तुमच्या मनात काय राह्याचा नाय."

आणि मला कोलंबी बांधून दिली. माझ्यावर एवढ्या रागावलेल्या असताना निवडून मोठी मोठी दिली.

सोनाराकडे जायचा दिवस आला. दुकान त्यांच्या घराण्याचं ठरलेलं, अंधेरीतच, बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढे काउंटर, मागे पडद्याआड कारागीर. विहीणबाईंची पद्धत अशी, की सोनं मुशीत पडल्यापासून दागिना हातात येईपर्यंत तिथून हलायचं नाही. स्टूल मागून घेतलं, पाय वर घेतले आणि बसल्या. मला दुसरं स्टूल. माझ्याशी बोलत होत्या, पण जरा मोजून.

सोनाराने रुमाल सोडला. घड्याळ वजनकाट्यावर ठेवलं. मी दुसरीकडे बघितलं. माझ्या पेशंटांना मी नेहमी सांगते की बघू नका, म्हणजे दुखत नाही. ते खोटं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"आणि माहेरची वाटी?" सोनाराने सहज विचारलं. "ती पण इथेच करायची ना, मॅडम? जोडीने झालेली बरी."

"हो," मी म्हटलं. "त्याला तुमच्याकडचंच नवीन सोनं घ्या."

"दुकानातला?" विहीणबाईंनी विचारलं.

"हो."

त्या कुत्सित हसल्या नाहीत, भुवया उडवल्या नाहीत. फक्त मान हलवली, पेशंटने मी दिवसातून दोनदा ब्रश करतो म्हटल्यावर मी हलवते तशी. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. माझे सोनारासमोर टोचले गेले, आणि टोचणारी एक शब्द बोलली नव्हती.

तिथे बसल्या बसल्या मला भलतंच स्वच्छ दिसायला लागलं. ही बाई सासऱ्यांच्या मनगटावरचं सोनं माझ्या मुलीच्या गळ्यात घालतेय. आणि मी, जिच्या घरात सोन्याची घड्याळं पेट्यांत रांगेने झोपलीत, मी मुलीला काय देतेय? दुकानातलं, आजच्या भावाचं, कुणाचाही हात न लागलेलं सोनं. त्यांच्या घड्याळासाठी महिनाभर जीव टाकणारी मी, माझ्यातलं एकही द्यावं असं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एकदाही नाही.

माझ्या हातात होतं ते घड्याळ मी दवाखाना सुरू केला त्या वर्षी घेतलं होतं. संग्रहातलं पहिलं. मुलगी पोटात असताना, जन्मताना, दात येताना, शाळेत जाताना ते माझ्या हातावर होतं. तिला ताप यायचा तेव्हा तिच्या मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायची, तेव्हा त्याला सेकंदकाटा नाही म्हणून मी दर वेळी त्याला शिव्या दिल्या आहेत. त्याच्याहून भारी घड्याळं नंतर खूप आली. त्याच्याहून माझं एकही नाही.

मी पट्टा सोडला आणि ते काउंटरवर ठेवलं.

"माहेरची वाटी याची करा."

सोनार म्हणाला, "मॅडम, चालू घड्याळ आहे."

"दिसतंय मला. करा."

विहीणबाईंनी पाय स्टुलावरून खाली घेतले. माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "डाक्टरीणबाय, नको गो. तुमचा जीव हाय त्याच्यात."

"म्हणूनच," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं. दुकानात, सगळ्यांसमोर, नाक गळेपर्यंत. वाईट वाटत होतं म्हणून नाही. उलट किती तरी दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरलं होतं आणि मला एकदम हलकं, चक्क आनंदी वाटत होतं. विहीणबाईंनी मला जवळ ओढलं. त्यांच्या पदराला रिठ्याचा आणि माशांचा वास होता. त्या पदराने माझं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, जोरात.

कारागिराने दोन्ही घड्याळं उघडली. माझ्याच्या आतलं मशीन बाहेर आलं ते चालतच आलं. मग सासऱ्यांचं उघडलं. मशीन डायलसकट काढून त्याने मखमलीवर ठेवलं, चावीची कांडी पुन्हा जागेवर बसवली आणि नीट बसली का ते बघायला बोटाने गरकन फिरवली.

"चावी देऊ नका!" मी किंचाळले. "तेल सुकलंय! चाकं जातील!"

सगळं दुकान दचकलं. आणि त्या शांततेत मखमलीवरून आवाज आला. टिकटिक, टिकटिक. बारीक, भराभर, अगदी स्वच्छ.

विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. वाकून बघितलं. मशीन चिमटीत उचलून कानाशी नेलं.

"अगो," त्या कुजबुजल्या. तेवढा हळू आवाज त्यांना काढता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. "हा जिता हाय! सोना काढला तरी जिता हाय!"

सोनाराला ऐकवलं, कारागिराला ऐकवलं, नथ घ्यायला आलेल्या एका अनोळखी बाईलाही ऐकवलं. मग आपल्या नवऱ्याला फोन लावला आणि मशीन फोनला लावलं. पलीकडे व्याही बोटीवर होते, त्यांना इंजिनापुढे काय ऐकू येणार? "ऐकलाव का? बाचा घड्याल!" असं ओरडून विहीणबाईंनी फोन बंद केला. तोवर मी मनात हिशेब केला होता, की सोनं त्यांचं पण मशीन तर मला मिळेल. मी हात पुढे केलासुद्धा. विहीणबाईंनी मूठ मिटली.

"हा मी देनार नाय हां," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी इतक्या हसलो, की सोनाराने आतून पाणी आणून दिलं.

डब्या वेगवेगळ्या मुशींत गेल्या. मी बघितलं, डोळे न मिटता. कडा आधी गेल्या, मग सगळंच खाली बसलं आणि गोळा झाला, चकचकीत. जोडीला शुद्ध सोनं घालून बावीस कॅरेटचं केलं, पत्रे ठोकले, साच्यावर वाट्या वळल्या. विहीणबाईंनी घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी आणली होती. आम्ही स्टुलांवर बसून खाल्ली. खाता खाता मी त्यांना चावी कशी द्यायची ते शिकवलं. रोज एकाच वेळेला, अलगद, अडली की थांबायचं. त्यांनी ते शिकून घेतलं आणि मला बोंबील सुकवताना मीठ कधी लावायचं नाही ते शिकवलं. तेही मला माहीत नव्हतं.

पुढे घाटकोपरच्या आमच्या घड्याळजीकडून मी दोन्ही मशीनं साफ करून घेतली आणि साध्या स्टीलच्या डब्यांत बसवली. माझ्या छंदातले लोक असल्या घड्याळाला हातही लावत नाहीत. माझं मी रोज घालते. विहीणबाईंचं त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी असतं, बाजाराला जायच्या आधी त्या चावी देतात आणि कधी ते मागे पडलं की मला फोन करून माझ्यावरच ओरडतात.

लग्न धुमधडाक्यात झालं. हळदीला कोळीवाड्यातल्या बायकांनी मला मधे घेऊन नाचवलं, नवरा खुर्चीवर बसून फक्त खात होता, आणि मुलगी इतकी सुंदर दिसत होती की मी तिच्याकडे नीट बघूच शकले नाही. रिवाजाप्रमाणे मंगळसूत्राच्या वाट्या उलट्या होत्या, पोकळ बाजू बाहेर. पहिले काही दिवस तसंच घालतात, मग चांगला दिवस बघून सुलट्या करतात.

तो दिवस वेसाव्यालाच झाला. विहीणबाईंनी पाट मांडला, आमच्या मुलीला बसवलं, कुंकवाची कोयरी आणली. म्हणाल्या, "तुमी तुमच्या वाटीला कुंकू लावा, मी माझ्या वाटीला लावते. मंग सुलट्या करू."

"बरं," मी म्हटलं.

आम्ही दोघी पुढे वाकलो. मग दोघीही थांबलो.

"तुमची कंची?" त्यांनी विचारलं.

मी एक वाटी बोटांत धरली, उजेडाकडे वळवली. दुसरी धरली. पुन्हा पहिली. सोनाराने ओवताना कुठली कुठे घातली ते कुणी विचारलंच नव्हतं. चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. वजनाने काही कळेना, रंगाने कळेना. विहीणबाईंनी मला बाजूला सारून स्वतः बघितलं, नखाने टिचकी मारून बघितली, आणि माझ्याकडे वळल्या.

"मना बी कलत नाय," त्या म्हणाल्या.

"लवकर करा ना, मान दुखतेय," मुलगी म्हणाली.

विहीणबाईंनी कोयरीत बोट बुडवलं आणि दोन्ही वाट्यांना कुंकू लावलं. मग कोयरी माझ्याकडे केली. मीही दोन्हींना लावलं.